'ऑपरेशन होणार नाही' म्हणजे इलाज संपला असं नाही

फुफ्फुसाचा कॅन्सर, त्यात वय झालेलं, दम लागतो, हृदय कमजोर. डॉक्टर सांगतात, ऑपरेशन झेपणार नाही. मग आपण अब्बांना घरी घेऊन येतो, 'आता फक्त दुआ करा' म्हणून. इथेच आपलं चुकतं. गाठ लहान असेल, पसरलेली नसेल, तर एसबीआरटी म्हणजे नेमक्या जागी जास्त मात्रेचा शेक साधारण 3 ते 5 वेळा देता येतो. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात ऑपरेशन शक्य नसलेले 55 रुग्ण होते. त्यांत तीन वर्षं जगण्याचं प्रमाण सुमारे 56 टक्के निघालं. आजार छातीतच वाढलेला असेल तर रेडिएशनसोबत केमोथेरपीचाही पर्याय असतो. दुआ तर करूच. पण रेडिएशनच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय फाईल बंद करायची नाही.