श्वासाचे पासबुक

हिशेब ठेवण्याची सवय मध्यमवर्गीय घराला नवी नाही. दुधाची वही, विजेच्या बिलांची फाईल, मुदत ठेवींच्या पावत्या, सारे जागच्या जागी असते. अलीकडे त्यात रक्तदाब मोजण्याच्या यंत्राची आणि रक्तातील साखर तपासण्याच्या पट्ट्यांची भर पडली आहे. मात्र ज्यावाचून क्षणभरही चालत नाही त्या श्वासाची नोंद, घरात दम्याचा रुग्ण असूनही, क्वचितच कुठे आढळते. ही नोंद ठेवण्याचे साधन काहीशे रुपयांत मिळते आणि ते वापरणे अवघड नाही. दम्याच्या रुग्णाच्या घरात ते असावयास हवे.

या गरजेचे स्वरूप समजून घेण्यासाठी चेन्नईच्या टी. नगरकडे पाहावे. सर पी. त्यागराय चेट्टी यांच्या नावाने ओळखली जाणारी ही वसाहत १९२० च्या दशकात लाँग टँक नावाचा जुना तलाव बुजवून वसविण्यात आली. पानगल पार्कभोवती आखलेले हे निवासी नगर आज रेशमी साड्यांची व सोन्याच्या दागिन्यांची मोठी बाजारपेठ झाले आहे. दिवाळीच्या आधी रंगनाथन स्ट्रीटवर पाऊल ठेवावयास जागा नसते. उस्मान रोडवर वाहनांची रांग आणि धूर यांची सोबत असते. त्यात भोगीचा दिवस येतो. महाराष्ट्रात भोगी म्हटली की मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी आठवते. तमिळनाडूत त्या पहाटे घरातील जुन्या वस्तूंची होळी करण्याची प्रथा आहे. २०१८ साली भोगीच्या सकाळी धूर व धुके यांमुळे चेन्नई विमानतळावरील उड्डाणे विस्कळीत झाली होती. जेथे विमाने थांबली, तेथे अरुंद झालेल्या श्वासनलिकांची काय कथा!

बदलीच्या निमित्ताने पुणे, नागपूर वा कोल्हापूर सोडून येथे येणाऱ्या मराठी कुटुंबापुढे आणखी एक अडचण उभी राहते. 'छाती भरून आल्यासारखी वाटते', 'जिना चढताना दम लागतो', 'पहाटे कोंडल्यासारखे होते' हे शब्द गावच्या डॉक्टरांना तात्काळ उमगतात. तमिळभाषक डॉक्टरांपुढे तेच सारे मोडक्या इंग्रजीत मांडताना निम्मा अर्थ वाटेतच गळून जातो. शिवाय दम्याचा स्वभाव असा की, त्याचा जोर बहुधा रात्री व पहाटे वाढतो आणि रुग्ण दवाखान्यात पोहोचतो तो सकाळी अकराला किंवा सायंकाळी सहाला. तोवर छाती मोकळी झालेली असते. पहाटे चार वाजताचा श्वास डॉक्टरांना दिसत नाही आणि रुग्णाला तो नीट सांगता येत नाही. वहीत लिहिलेला आकडा मात्र भाषांतर मागत नाही.

हा आकडा देणारे साधन म्हणजे पीक फ्लो मीटर. प्लॅस्टिकची एक नळी, तिच्यावर आकड्यांची पट्टी आणि त्या पट्टीवर सरकणारा काटा, एवढाच त्याचा संसार. साध्या मीटरला वीज लागत नाही की बॅटरी लागत नाही. छातीभर श्वास घेऊन नळीत एका झटक्यात जोराने फुंकले की काटा पुढे सरकतो आणि बाहेर पडलेल्या हवेचा सर्वाधिक वेग मिनिटाला किती लिटर होता, हे दाखवितो. दम्यात श्वासनलिका आतून सुजतात व आकुंचन पावतात, हवेची वाट अरुंद होते आणि काटा मागे राहतो. काही रुग्णांना आपला श्वास कमी झाल्याची जाणीवच उशिरा होते. अशांच्या बाबतीत काटा शरीराआधी बोलतो.

या साधनामागील इतिहासही बँकेच्या ग्राहकाला जवळचा वाटावा असा आहे. फुफ्फुसांतील हवा मोजणारा स्पायरोमीटर लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली जगापुढे मांडला, तेव्हा आयुर्विम्याच्या कामी त्याचा उपयोग होईल, असे त्यांचे आग्रही प्रतिपादन होते. ते यंत्र मोठे होते, घरी नेण्याजोगे नव्हते. १९५९ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलमधील बेसिल मार्टिन राइट यांनी हातात धरता येईल असा पीक फ्लो मीटर तयार केल्याचे प्रसिद्ध झाले. १९७० च्या दशकात त्याची लहान व हलकी आवृत्ती आली आणि श्वासाचे मोजमाप प्रयोगशाळेच्या उंबरठ्याबाहेर पडले.

वापराची पद्धत सोपी असली तरी तीत शिस्त हवी. उभे राहून काटा शून्यावर आणावा, ओठ नळीभोवती घट्ट मिटावेत, काट्याच्या मार्गात बोट येऊ देऊ नये. तीनदा फुंकावे आणि तिन्हींची सरासरी न काढता सर्वांत मोठा आकडा लिहावा. सकाळी व सायंकाळी, औषध घेण्यापूर्वी, ठरल्या वेळी हा नेम पाळावा. दमा आटोक्यात असताना दोन आठवड्यांत मिळालेला सर्वोत्तम आकडा ही त्या व्यक्तीची पातळी समजावी. समजा, ती ४०० आहे. मग ३२० च्या वर, म्हणजे ८० टक्क्यांहून अधिक, तो हिरवा पट्टा. २०० ते ३२० हा पिवळा पट्टा, म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या योजनेप्रमाणे औषधात बदल करण्याची वेळ. २०० च्या खाली लाल पट्टा, म्हणजे लिहून दिलेले तातडीचे औषध घेऊन विनाविलंब रुग्णालय गाठावे. शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना व्यर्थ होय, कारण वय, उंची व लिंग यांनुसार तो बदलतो. मीटरही वारंवार बदलू नये. जुन्या व नव्या मोजपट्ट्यांच्या आकड्यांत फरक पडतो आणि मग वहीचा ताळमेळच लागत नाही.

रुग्णाच्या हाती एवढी जबाबदारी सोपवावी काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर चेन्नईनेच पूर्वी दिलेले आहे. क्षयरोग्याला आरोग्यधामातच ठेवले पाहिजे, असे मानले जाण्याच्या काळात, १९५६ साली, येथे क्षयरोगावरील औषधोपचारांचे संशोधन केंद्र सुरू झाले. तेच आजची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था होय. गरीब वस्तीतील रुग्णांना घरीच औषधे दिली, तर त्यांना आरोग्यधामातील रुग्णांइतकाच गुण येतो, हे या केंद्राच्या अभ्यासाने सिद्ध केले आणि जगभरच्या क्षयोपचाराची दिशा पालटली. तो अभ्यासही १९५९ सालीच प्रसिद्ध झाला. मात्र त्या रुग्णांना घरी सोडून केंद्र स्वस्थ बसले नव्हते. कर्मचारी घरोघरी जात, गोळ्या मोजत, लघवीच्या तपासणीने औषध घेतल्याची खात्री करून घेत. घरचा उपचार यशस्वी झाला तो नोंदीमुळे व देखरेखीमुळे. श्वासाच्या मोजमापालाही हाच न्याय लागू पडतो.

या साधनाच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगावयास हव्यात. फुंकर मनापासून मारली नाही तर आकडा फसवा येतो. पाच वर्षांखालील मुलांना ते सहसा जमत नाही. धूम्रपानाने वा चुलीच्या धुराने जडणाऱ्या फुफ्फुसांच्या दीर्घ विकारात त्याचा भरवसा कमी आणि तेथे स्पायरोमेट्रीची जागा ते घेऊ शकत नाही. सौम्य दमा असलेल्या पुष्कळ रुग्णांना केवळ लक्षणांवर बेतलेली लेखी योजनाही पुरेशी ठरते. परंतु ज्यांचा दमा तीव्र आहे, ज्यांना पूर्वी रुग्णालयात दाखल व्हावे लागले आहे किंवा ज्यांना श्वास खालावल्याचे वेळीच कळत नाही, त्यांच्यासाठी मीटर ही चैन नव्हे. करोनाच्या साथीत घरोघरी आलेला ऑक्सिमीटर येथे पुरेसा नाही. दम्याच्या झटक्यात रक्तातील प्राणवायू बराच वेळ टिकून राहतो आणि तो घसरू लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

प्रश्न केवळ सोयीचा नाही. जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत. दम्याने होणाऱ्या मृत्यूंत मात्र भारताचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक असल्याचे २०१९ च्या जागतिक अंदाजांवरून दिसते. या दोन आकड्यांमधील अंतर रोगाने निर्माण केलेले नाही. निदानास होणारा विलंब, इन्हेलरविषयीची भीती, बरे वाटताच औषध बंद करण्याची सवय, यांतून ते वाढले आहे. केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर विसंबून राहू नये, असे दम्यावरील जागतिक मार्गदर्शक सूचना २०१९ पासून स्पष्ट बजावीत आहेत. तरी श्वासनलिकेची सूज कमी करणारे रोजचे औषध पुष्कळजण मधेच सोडतात. औषध सोडल्यावर काटा हळूहळू खाली येताना वहीत दिसू लागला, तर उपदेशाच्या दहा वाक्यांनी होत नाही ते काम ती एक रेघ करते.

म्हणून डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर मीटरचे नाव लिहावे आणि तो कसा फुंकावा, हे समोर बसवून शिकवावे. संस्थांनी कर्मचाऱ्यांच्या वार्षिक आरोग्य तपासणीत ही दोन मिनिटांची चाचणी समाविष्ट करावी. बदली होऊन जाणाऱ्या कुटुंबाने शाळेचे दाखले व बँकेची कागदपत्रे यांबरोबर ही वहीही सामानात घ्यावी. नव्या गावच्या डॉक्टरांशी पहिला संवाद तीच करील.

दरवर्षी मे महिन्यातील पहिल्या मंगळवारी जागतिक दमा दिन पाळला जातो. ज्या घरात दम्याचा रुग्ण आहे, त्या घराने त्या दिवसाची वाट पाहण्याचे कारण नाही. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत मीटरविषयी विचारावे आणि त्याच सायंकाळी वहीच्या पहिल्या पानावर पहिला आकडा लिहावा.