खुर्ची आणि केसपेपर

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याला २००१ मध्ये पहिल्या महिला राज्यपाल लाभल्या, त्या पेशाने मानसोपचारतज्ज्ञ. नाव मेरी बशीर. लेबनॉनहून आलेल्या कुटुंबात, नरांडेरा या लहान गावी १९३० चा जन्म. सिडनीत डॉक्टरकी शिकल्या, किशोरवयीन मुलांवर उपचार करण्यात उमेदीची वर्षं घालवली, रेडफर्नमधल्या आदिवासींच्या दवाखान्यातही काम केलं. मग साडेतेरा वर्षं राज्यपालपद. राज्यपालांनी फिती कापाव्यात नि सह्या कराव्यात, एवढीच आपली समजूत. पण ज्यांच्या दुखण्याला समाजात तोंड नाही, त्यांचा माणूस थेट त्या खुर्चीत बसला, ही गोष्ट मला मोठी वाटते.

आमच्या बेंगळुरूतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी राजभवनाची पायरी न चढता सरकारला कामाला लावलं. होसूर रोडवरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची सकाळची ओपीडी एकदा पाहाच. रात्रभर एसटीने आलेली बिऱ्हाडं, घामाने मऊ पडलेला केसपेपर, फडक्यात बांधलेली भाकरी आणि तरण्याताठ्या मुलाचा दंड धरून बसलेली आई. त्यात बेळगावकडची मराठी माणसंही भेटतात. दबक्या आवाजात विचारतात, ‘‘पोरगं बरं हुतंय न्हवं?’’

गंडेदोरे, देवऋषी, अंगारे-धुपारे सगळं आटोपल्यावर माणसं इथवर पोचतात, हे इथल्या डॉक्टरांनी पन्नासेक वर्षांपूर्वीच ओळखलं. १९७० च्या दशकात शहराबाहेर सकलवारा गावात त्यांनी ग्रामीण केंद्र काढलं. आर. एल. कपूर, आर. श्रीनिवास मूर्ती, मोहन आयझॅक अशा मंडळींनी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि घरोघर फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांना फिट, नैराश्य, तीव्र मनोविकार ओळखायला शिकवलं. मोजकी औषधं, साधी नोंदवही, बस्स. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. तो जिल्हाभर राबवता येतो का, हे १९८५ पासून बळ्ळारी जिल्ह्यात तपासलं गेलं. लोकसंख्या तेव्हा वीसेक लाख. प्रयोग जमला आणि १९९६ पासून त्याच धर्तीवर देशात जिल्हा कार्यक्रम सुरू झाला.

पुढे १० ऑक्टोबर २०२२ रोजी निम्हान्समध्ये ‘टेली-मानस’ या फोनसेवेचं उद्घाटन झालं, तेही कर्नाटकच्या राज्यपालांच्याच हस्ते.

मग सगळं आलबेल आहे का? निम्हान्सच्याच २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत दहापैकी एका प्रौढाला मानसिक आजार आढळला आणि आजारागणिक सत्तर ते ब्याण्णव टक्के रुग्ण उपचाराविना असल्याचं दिसलं. म्हणजे बळ्ळारीत जे सिद्ध झालं, ते कागदावरून गावात पुरतं उतरलेलंच नाही. योजनेचं नाव जिल्ह्याला पोचतं, गोळी आरोग्य केंद्रापर्यंत पोचेलच असं नाही.

२०१७ च्या कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा आपला हक्क ठरवला आहे. हक्क मागितल्याशिवाय पदरात पडत नाही, हे मराठी माणसाला सांगायला नको. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत रस्ता-गटारांबरोबर एक प्रश्न विचारा : आपल्या केंद्रात मनाच्या आजारावरची औषधं आहेत का? आणि घरात कुणी गप्प गप्प राहू लागलं असेल, तर उद्यावर ढकलू नका. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.