नकली म्हणून फेकू नये : घुग्घुसच्या माळ्यावरची गेमची कॅसेट

१/ घुग्घुस म्हटले की कोळशाच्या खाणी, सिमेंटचा कारखाना आणि स्पंज आयर्नच्या भट्ट्या आठवतात. चंद्रपूर जिल्ह्याच्या इतिहासाची यादी करणारे चंद्रपूरचा परकोट, बल्लारपूरचा किल्ला आणि भद्रावतीची विजासन लेणी लिहितात. कामगार वसाहतींमधील घरांचे माळे त्या यादीत नसतात. हा धागा अशा माळ्यावर सापडू शकणाऱ्या एका वस्तूविषयी आहे : टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमची कॅसेट.

२/ आधी थोडा पूर्वेतिहास. १९७६ साली अमेरिकेत फेअरचाइल्ड कंपनीचे ‘चॅनेल एफ’ हे यंत्र बाजारात आले. जेरी लॉसन यांच्या चमूने घडवलेल्या या यंत्रात खेळ आतच कोंडलेला नव्हता. तो काढता-घालता येणाऱ्या कार्ट्रिजमध्ये होता. पुढे १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये निन्टेन्डोचा ‘फॅमिली कम्प्युटर’, म्हणजेच फॅमिकॉम, विक्रीस आला. त्याच्या कार्ट्रिजला ६० पिना होत्या.

३/ भारतातील बहुतेक मुलांनी फॅमिकॉम हे नावसुद्धा ऐकले नाही. त्यांच्या हाती आल्या त्या फॅमिकॉमच्या नकला : मायक्रो जीनियस, लिटल मास्टर. कार्ट्रिज हा शब्दही रुजला नाही, ‘कॅसेट’ रुजला. मारियो आणि कॉन्ट्रा या कॅसेटींमधूनच घरोघरी गेले. ‘९९९९९९९ इन १’ असे मिरवणाऱ्या कॅसेटीत खेळ मोजकेच असत. तेच खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा यादीत येत.

४/ आज संग्राहक या कॅसेटींना कचरा समजतात. खरी किंमत जपानी किंवा अमेरिकी मूळ प्रतीला, असा त्यांचा दंडक. इतिहासाच्या दृष्टीने हा दंडक चुकीचा आहे. शिवराई नाणी शिवकाळानंतरही दीर्घकाळ अनेक टांकसाळींमधून पडत राहिली. त्यांतील ओबडधोबड अक्षरांची नाणी अभ्यासक फेकून देत नाहीत; टांकसाळींची आणि चलनाच्या प्रसाराची कथा त्या फरकांतूनच उलगडते. नकली कॅसेटीलाही हाच न्याय लागू व्हावा.

५/ यावर आक्षेप असा की कॉन्ट्रा आता मोबाइलवरही खेळता येतो. मग प्लास्टिक कशाला जपायचे? कारण मोबाइलवर मिळतो तो बहुधा मूळ खेळ. नकली कॅसेटीत पुसलेले कंपनीचे नाव, बदललेले शीर्षक, घरगुती बनावटीची यादी आणि भलत्याच चित्राचे लेबल असते. कोणती वस्तू, कोणत्या रूपात इथवर पोहोचली, याचा पुरावा तीच देते. मूळ प्रती जपणारे जगभर आहेत. या प्रती घरच्यांनीच जपायच्या आहेत.

६/ या पुराव्याचा पहिला शत्रू म्हणजे लाडकी फुंकर. कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची, हा त्या पिढीचा सार्वत्रिक उपचार. श्वासातील ओलाव्याने पिना गंजतात. निन्टेन्डोने स्वतः आपल्या कार्ट्रिजवर फुंकू नये अशी सूचना दिली होती. फुंकरीनंतर खेळ सुरू होई, तो बहुधा कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. श्रेय मात्र फुंकरीला मिळत राहिले.

७/ दुसरा शत्रू परिसरातच आहे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मूल्यमापनात चंद्रपूर देशातील अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत गणले गेले. खाणीच्या गावात कोळशाची बारीक धूळ बंद कपाटातही शिरते. त्या धुळीवर ओली फुंकर पडली की पिनांवर काळा लेप बसतो. म्हणून पुण्या-मुंबईच्या घरापेक्षा घुग्घुसच्या घरात साफसफाईचा क्रम अधिक कटाक्षाने पाळावा लागतो.

८/ क्रम असा : आधी कोरडे, मग ओले. कॅसेटीचे तोंड खाली धरून मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झाडावी. नंतर कापसाच्या काडीवर किमान ९० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिनांच्या लांबीच्या दिशेने हलकेच पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे. सँडपेपर वा खोडरबर वापरू नये. पिनांवरचा मुलामा अतिशय पातळ असतो. थिनरने प्लास्टिक विरघळू शकते. यंत्र चालू असताना कॅसेट काढू वा घालू नये.

९/ तिसरा शत्रू ऋतू. चंद्रपूरचा मे महिना पारा ४५ अंशांपलीकडे नेतो. पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो. त्यामागोमाग पावसाळ्याची दमट हवा येते. तेव्हा कॅसेटीची जागा माळ्यावर नाही, आतल्या भिंतीलगतच्या कपाटाच्या मधल्या फळीवर आहे. प्रत्येक कॅसेट वेगळ्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि सगळे झाकणाच्या डब्यात. कॅसेट यंत्रात खोचून ठेवू नये.

१०/ दोन घरगुती सवयी टाळाव्यात. कपड्यांप्रमाणे इथे डांबर गोळ्या टाकू नयेत. त्यांच्या वाफेने काही प्रकारचे प्लास्टिक खराब होते. कॅसेटींची चवड रबरबँडने बांधू नये. उन्हाळ्यात रबर चिकट होऊन लेबलाला चिकटते, आणि लेबल हा पुराव्याचा अर्धा भाग असतो.

११/ कॅसेट उघडलीच तर आतही पाहावे. अनेक नकली कॅसेटींत चिप काळ्या इपॉक्सीच्या थेंबाखाली दडलेली असते. तो थेंब खरवडू नये. चिपवर स्टिकर असेल तर तो काढू नये. खाली अतिनील प्रकाशाने मजकूर पुसला जाणारी चिप असू शकते. प्रगती साठवणाऱ्या काही मूळ कार्ट्रिजमध्ये बॅटरी असते. ती गळण्याआधी जाणकाराकडून बदलून घ्यावी. मात्र बॅटरी काढताच साठवलेला खेळ सहसा पुसला जातो.

१२/ शेवटचे काम सर्वांत सोपे, आणि तेच सर्वांत दुर्लक्षित. ही कॅसेट कोणी घेतली, कुठून, कोणत्या वर्षी, कोण कोण खेळले, हे एका चिठ्ठीवर लिहून पिशवीत ठेवावे. अल्कोहोलने पिना उजळतील, पण ही माहिती फक्त माणसांच्या आठवणीत आहे. खाणीतून किती कोळसा निघाला याच्या नोंदी कार्यालयांत राहतात. पाळीवरून परतलेल्या वडिलांनी मुलांसाठी काय आणले, याची नोंद घरानेच ठेवायची असते.