विश्लेषण : स्पोर्ट्स कारच्या सीट आणि रंगासाठी लाखो रुपये कशाला? आयात शुल्क घटल्यावर काय बदलेल?

युरोपातल्या कारखान्यातून निघालेल्या स्पोर्ट्स कारमध्ये एक लाख रुपये किमतीची खास सीट बसवून घेतली, तर भारतीय ग्राहकाला ती साधारण २ लाख ९४ हजार रुपयांना पडते. डीलरचा नफा आणि नोंदणीचा खर्च यात धरलेला नाही.

हिशेब सरळ आहे. ४० हजार डॉलरपेक्षा महाग, पूर्ण तयार स्थितीत आयात होणाऱ्या गाडीवर भारतात ७० टक्के मूळ सीमाशुल्क आणि ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर लागतो. म्हणजे लाखाचे २ लाख १० हजार झाले. या वाढलेल्या रकमेवर ४० टक्के जीएसटी आहे. हा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. कारखान्यातच बसवलेली सीट, लेदर किंवा रंग हा गाडीच्या मूल्याचाच भाग ठरतो. त्यामुळे इंजिनावर जो कर, तोच सीटच्या शिलाईच्या दोऱ्यावरही!

भारत आणि युरोपीय संघ यांच्यातील मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा २७ जानेवारी २०२६ रोजी झाली. त्यानुसार युरोपीय गाड्यांवरील शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरणार आहे. मर्यादा वर्षाला अडीच लाख गाड्यांची. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या करारातही ठरावीक कोट्यापुरते शुल्क १० टक्क्यांवर आणण्याची तरतूद आहे. शुल्क १० टक्के आणि जीएसटी आहे तेवढाच राहिला, तर वरची एक लाखाची सीट १ लाख ५४ हजारांना पडेल. गाडीच्या किमतीची चर्चा खूप झाली, पण कंपन्यांची खरी कमाई जिथे होते ती जागा ही आहे.

कंपन्यांना यात एवढा रस का?

फेरारीचे आकडे पुरेसे बोलके आहेत. २०२३ मध्ये कंपनीने १३,६६३ गाड्या ग्राहकांच्या हाती दिल्या, २०२४ मध्ये १३,७५२. वाढ फक्त ८९ गाड्यांची. उत्पन्न मात्र जवळपास १२ टक्क्यांनी वाढून सुमारे ६६८ कोटी युरोवर गेले. महागड्या मॉडेलांचा त्यात वाटा आहेच. पण गाड्या व सुट्या भागांच्या उत्पन्नातला साधारण पाचवा हिस्सा ग्राहकाच्या पसंतीनुसार केलेल्या बदलांतून आला. मारानेल्लो येथे कंपनी नवा रंगविभाग उभारते आहे, तो गाड्यांची संख्या वाढवण्यापेक्षा अशा खास कामांसाठी. पोर्शेकडे ‘पेंट टू सॅम्पल’ योजनेत नेहमीच्या यादीबाहेरचे शंभराहून अधिक रंग मिळतात. त्यातही समाधान झाले नाही, तर ग्राहकाने आणलेल्या नमुन्याशी जुळणारा रंग बनवून देण्याची सोय आहे. अर्थात तो रंग कारखान्यात लावणे शक्य आहे का, हे आधी तपासले जाते.

सीट : दिसण्याआधी बसण्याचा प्रश्न

तिन्ही निवडींत सर्वाधिक विचार सीटचा करायला हवा, आणि नेमका तोच सर्वात कमी होतो. मोबाइलवर गाडी ‘सजवताना’ रंग लगेच दिसतो; सीटचा कठीण काठ मांडीला कुठे टोचतो, ते दिसत नाही.

पोर्शे ९११ मध्ये साध्या स्पोर्ट सीटपासून १८ प्रकारे विजेवर हलणाऱ्या सीटपर्यंत पर्याय आहेत. त्यापलीकडे कार्बन फायबरच्या कवचाची बकेट सीट. वळणावर गाडी जोरात घेतली की शरीर बाहेरच्या बाजूला फेकले जाते. बकेट सीटच्या उंच कडा कंबर आणि खांदे धरून ठेवतात, त्यामुळे चालकाला स्टिअरिंगला लोंबकळावे लागत नाही. वजनही वाचते. पण अशा सीटमध्ये पाठीचा कोन बहुधा कायमचा ठरलेला असतो. कमरेची रुंदी कवचात मावली नाही, तर जाड गादी लावून उपयोग नाही. उंच कड्यावरून आत-बाहेर करताना गुडघे आणि पाठ दोन्हींची परीक्षा होते. रोज ऑफिसला नेण्यासाठी गाडी घेणाऱ्याने ती केवळ फोटोत छान दिसते म्हणून मागवू नये.

कंपन्यांनाही हे कळलेले दिसते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या सुधारित ९११ जीटी३ मध्ये पोर्शेने कार्बन फायबरचीच, पण पाठ दुमडता येणारी बकेट सीट दिली. डोक्यामागच्या गादीचा काही भाग काढता येतो, म्हणजे ट्रॅकवर हेल्मेट घातल्यावर मान पुढे ढकलली जात नाही.

नंतर बाजारातून सीट बदलून घेऊ, हा विचार धोक्याचा आहे. बहुतेक आधुनिक गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या कडेतच असते, आणि कुणी बसले आहे की नाही हे ओळखणारा सेन्सर गादीखाली. सीट गेली की हे सगळे गेले.

लेदर, कापड की मायक्रोफायबर?

अल्कांतारा हे नाव ऐकून अनेकांना ते एखादे महागडे कातडे वाटते. प्रत्यक्षात ते सुमारे दोन तृतीयांश पॉलिएस्टर आणि उरलेले पॉलियुरेथेन आहे. जपानच्या तोरे कंपनीतील शास्त्रज्ञ मियोशी ओकामोतो यांनी १९७० मध्ये हे तंत्र शोधले, उत्पादन इटलीत होते. पोर्शेच्या गाड्यांत अशाच मायक्रोफायबरला ‘रेस-टेक्स’ म्हणतात. त्यावर अंग घसरत नाही, उन्हात ते काळ्या लेदरइतके चटका देत नाही आणि डॅशबोर्डवर लावले तर समोरच्या काचेत प्रतिबिंब पडत नाही. स्टिअरिंगवर मात्र घाम आणि तळहाताचे तेल बसून त्याची लव चिकटते, जागोजागी चकाकी येते. दमट मुंबईत हा त्रास लवकर सुरू होणार.

लेदर पुसायला सोपे, पण फिकट रंगाचे घेतले तर नव्या जीन्सची निळाई त्यावर उतरते. उन्हाळ्यासाठी हवा खेळवणाऱ्या सच्छिद्र सीटचा पर्याय अनेक मॉडेलांत आहे. भारतात पैसे लावायचेच तर यात लावावेत. साधे कापडही परतले आहे. एप्रिल २०२५ मध्ये पोर्शेने आणलेल्या १,५०० गाड्यांच्या ‘९११ स्पिरिट ७०’मध्ये सत्तरच्या दशकातली ‘पाशा’ नक्षी काळ्या आणि ऑलिव्ह रंगांत सीटवर आहे.

रंग किती जाड असतो?

गाडीवरचा सगळा रंग मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या दोन केसांएवढी. गंज रोखणारा थर, प्रायमर, मूळ रंग आणि वर पारदर्शक क्लिअर कोट. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात, पर्लमध्ये अभ्रकाचे. हे कण कोणत्या कोनात बसले यावर छटा ठरते. म्हणूनच नुसता दरवाजा रंगवला, तरी शेजारच्या पत्र्यावरही रंग विरळ करत न्यावा लागतो. नाहीतर उन्हात ठिगळ दिसते. मधे आणखी एक अर्धपारदर्शक थर असलेला रंग जुळवणे त्याहून जिकिरीचे. मागवताना त्याचे पैसे एकदा जातात, घासला गेला की पुन्हा जातात.

मॅट रंगाची गोष्टच वेगळी. त्याच्या क्लिअर कोटचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो, त्यामुळे प्रकाश विखुरतो. साध्या रंगावरचा ओरखडा पॉलिशने घासून घालवता येतो. मॅटवर पॉलिश केले तर तो खडबडीतपणाच सपाट होतो आणि तिथे चमकणारा डाग कायमचा राहतो. पक्ष्यांची विष्ठा, बोअरच्या पाण्याचे सुकलेले थेंब, सोसायटीच्या वॉचमनचे धूळभरले फडके, या सगळ्यांना मॅट रंग घाबरतो. ज्याच्याकडे बंद गॅरेज नाही, त्याने या वाटेला न गेलेलेच बरे.

खाली झुकलेल्या नाकाच्या या गाड्यांना खडीचे फटके जास्त बसतात. त्यावर पारदर्शक संरक्षक फिल्म हा उपाय आहे आणि ती भारतात बसवता येते, म्हणजे गाडीच्या मूल्यात धरून तिच्यावर आयातीचा तिप्पट भार पडत नाही. मॅट रंगावर फिल्मही मॅटच लागते. रंगीत आवरण चढवून गाडीचा रंग बदलायचा असेल, तर मात्र आरटीओकडे जाऊन आरसीवर नव्या रंगाची नोंद करून घ्यावी लागते.