ऐकल्याचं सांगू नका, ऐका



आजवर इथे मडगावच्या जुन्या आठवणी लिहिल्या, तुम्ही कौतुकाने वाचल्यात. आज मात्र थोडी तक्रार घेऊन आलोय. पहिली तक्रार माझ्या स्वतःविरुद्ध आहे, त्यामुळे कोणी रागावू नये.

आमच्या बँकेत एक सहकारी होता. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. आम्ही सगळे त्याला 'मेस्त' म्हणायचो. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, मेस्त म्हणजे चर्चमध्ये गाणाऱ्यांना तयार करणारा, व्हायोलिन वाजवणारा, गावच्या मुलांना सूर शिकवणारा मास्तर. याचे वडील सासष्टीतल्या एका गावात खरेखुरे मेस्त होते. हा मात्र रोखपाल. दिवसभर नोटा मोजायचा आणि घरी गेल्यावर पाच रेघांच्या वहीत ठिपके काढत बसायचा. आम्ही हसायचो. 'मेस्ता, आजचा हिशेब जुळला का?' म्हणून विचारायचो. तोही हसायचा.

निवृत्तीनंतर त्याने त्या वह्या बाहेर काढल्या. गावातले पंधरा-वीस गाणारे जमवले. पुतणी चेलो वाजवते, तिच्या ओळखीचे तिघे मिळाले. घराच्या सालात, म्हणजे जुन्या दिवाणखान्यात, एक छोटं रेकॉर्डिंग यंत्र ठेवून स्वतः रचलेलं संगीत ध्वनिमुद्रित करायला लागला. आणि एकेक करून आमच्या निवृत्तांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवायला लागला.

आता आमचा ग्रुप म्हणजे काय, तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी शंभर फुलं, दुपारी मधुमेहावर कडुलिंब, संध्याकाळी पेन्शनची खरी-खोटी बातमी. त्यात मेस्ताची सात मिनिटांची फाइल यायची. खाली चार अंगठे, दोन हात जोडलेले. एकाने तर लिहिलं, 'हे आपल्या ग्रुपच्या विषयात बसत नाही.' मी अंगठा दाखवणाऱ्यांतला. फाइल कधी उघडलीच नव्हती.

एकदा पिंपळकट्ट्यापाशी भेटला. चहा घेताना म्हणाला, 'आयकलें मरे?' मी म्हटलं, 'हो तर! व्हायोलिन काय सुंदर वाजवलंय.' त्याने विचारलं, 'तिसऱ्या मिनिटाला काय आहे, लक्षात आलं?' मी म्हटलं, 'तिथेच तर व्हायोलिनची खरी मजा आहे.'

तो काही बोलला नाही. कप खाली ठेवला आणि हळूच म्हणाला, 'तिथे व्हायोलिन गप्प आहेत. एकटा चेलो आहे. तुझ्या घरची चवथ आहे ती.'

घरी येऊन आठ महिन्यांपूर्वीची ती फाइल शोधली. कानात यंत्रं घालून बसलो. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. सुरुवातीला काही समजेना. मग तिसऱ्या मिनिटाला बाकीची वाद्यं थांबली आणि चेलोवाला गज बाजूला ठेवून बोटाने तारा छेडायला लागला. घुमटाचा ठेका! आमच्या चवथीच्या आरतीचा, काका वाजवायचे तोच, दुसऱ्या फेरीला किंचित अडखळून उचलणारा. आणि त्यावर व्हायोलाने धरली ती चाल काकांनी स्वतः बसवलेली होती.

काका १९८६ साली गेले. घुमट, शामेळ, कासाळे घेऊन आमच्या वाड्यावर आरत्या व्हायच्या, त्यांतल्या दोन-तीन चाली त्यांच्या स्वतःच्या. माझ्याकडे टू-इन-वन होता, कोऱ्या कॅसेट होत्या. दर वर्षी म्हणायचो, पुढच्या चवथीला रेकॉर्ड करू. ती पुढची चवथ आलीच नाही. मुलांना त्यातली एकही चाल येत नाही, मला अर्धीमुर्धी. आणि हा रोखपाल दर चवथीला आमच्याकडे नेवऱ्या खायला यायचा, ऐकायचा, घरी जाऊन वहीत लिहून ठेवायचा. आमच्या घरची ठेव त्याने चाळीस वर्षं सांभाळली, त्यावर स्वतःचं काही रचलं आणि मला परत पाठवली. मी पावतीसुद्धा खोटी दिली.

म्हणून आज हे लिहितोय. माझं म्हणणं एवढंच आहे की कोणी स्वतः रचलेलं संगीत आपल्यापुढे ठेवतो तेव्हा तो कौतुक मागत नसतो, फक्त कान मागत असतो. तो द्यायचा नसेल तर देऊ नका. पण दिल्याचं नाटक करू नका. खोट्या अंगठ्यापेक्षा गप्प बसणं बरं.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, हे चर्चचं, फिरंग्यांचं संगीत, त्याचा आपल्याशी काय संबंध? मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आलो. थोडं समजून घेऊ या.

आपल्या आरतीत पन्नास माणसं असली तरी चाल एकच, सगळे तीच गातात. मेस्ताच्या वृंदगानात चार ओळी वेगवेगळ्या चालतात. बायकांचा उंच आवाज सोप्रानो, खालचा आल्टो. पुरुषांचा उंच टेनर, खर्जातला बास. प्रत्येकाची चाल निराळी, पण एका वेळी एकत्र वाजल्या की गोड लागल्या पाहिजेत. मला हे पटलं ते माझ्या धंद्याच्या भाषेत. चार खाती स्वतंत्र चालतात, प्रत्येकाची नोंद वेगळी, आणि दिवसअखेर ताळा जमावाच लागतो. एकाने जरी चुकीची नोंद केली तरी सगळ्यांना कळतं. आणि चेंबर म्युझिक म्हणजे तरी काय? मोठ्या सभागृहाऐवजी घरातल्या दिवाणखान्यात बसून चार-पाच जणांनी वाजवायचं संगीत. आपल्या घरगुती बैठकीचा लांबचा भाऊच.

गोव्यात हे आलं पोर्तुगिजांबरोबर, नाकारण्यात अर्थ नाही. चर्चच्या शाळांतून गावोगावच्या मुलांना शतकानुशतकं अक्षरांबरोबर स्वरलिपीही शिकवली गेली. पण आलं ते इथे मुरलं. मांडो ऐका, शब्द कोंकणी, दुःख इथलं, सुरावट दोन्हीकडची. याच शाळांतून तयार झालेले गोंयकार मुंबईला गेले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसले. ज्या गाण्यांवर आपण पिढ्या काढल्या, त्यांतली व्हायोलिनं कोणाची होती, हे आपण कधी विचारलं नाही.

आमच्या मडगावजवळच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस घ्या. जन्म १९२७. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना व्हायोलिन शिकवणारे ते हेच. त्यांना राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणायचे होते. १९५८ साली मुंबईत त्यांनी स्वतःचा मोठा वाद्यवृंद उभा केला, स्वतःच्या रचना सादर केल्या, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. लताबाईंचं मूळ घराणं आमच्या मंगेशीचं, म्हणजे एका अर्थाने तो घरचाच कार्यक्रम. पुढे ते अमेरिकेला गेले, परत येऊन माजोर्ड्यात राहिले आणि २०१२ साली वारले. एवढ्या माणसाचं लोकांच्या तोंडी उरलं काय? १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यातलं नाव. ते गाणं त्यांच्या शिष्याने गुरूच्या आठवणीसाठी केलं, हेही अनेकांना माहीत नाही. माजोर्डे माझ्या घरापासून स्कूटरवर थोडक्या वेळाचं. ते हयात असताना मी एकदाही त्यांच्या दारात गेलो नाही. हीसुद्धा माझीच नोंद, माझ्याच खात्यावर.

बरं, हे फक्त पाश्चात्त्य संगीताचं दुखणं नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. 'स्वयंवर'च्या चाली त्यांच्या, १९१६ पासून आजवर मराठी माणूस त्या गुणगुणतो. पण बुवांच्या स्वतःच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका आपल्याकडे नाही. बालगंधर्वांच्या गळ्यातून बुवा ऐकायचे आणि समाधान मानायचं. आता तर प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डिंगची सोय आहे. आज कोणाचं संगीत हरवलं तर काळाला दोष देता येणार नाही.

स्वरलिपी वहीत आहे म्हणजे संगीत आहे, असंही नाही. वहीतली रचना म्हणजे न वटलेला चेक. वाजली, ऐकली गेली, तेव्हा रक्कम जमा झाली.

मेस्ताच्या रेकॉर्डिंगला नावं ठेवणारेही आहेत. 'आवाज घुमतो, मधेच कावळा ओरडतो, एका ठिकाणी पोदेराचा भोंगा ऐकू येतो, हे कशाला बाहेर काढायचं? स्टुडिओत जाऊन नीट करावं.' नीट करावं हे खरं. पण पेन्शनीत स्टुडिओचं भाडं, वीस माणसांचं जाणं-येणं, चहापाणी कसं बसवायचं? आणि वाट किती बघायची? त्याच्या टेनरांपैकी एक जण आता ऐंशीचा आहे. कच्चं रेकॉर्डिंग पुढे कोणी पक्कं करू शकेल, पण जे झालंच नाही त्याचं काय करणार? माझ्या काकांच्या चालीचं झालं तेच. पोदेराचा भोंगा तर मला आता त्या तुकड्याचाच भाग वाटतो.

दुसरा आक्षेप, 'फुकट वाटलं की किंमत राहत नाही.' यात थोडं तथ्य आहे. म्हणून मी मेस्ताला बसवून काही गोष्टी लिहून घ्यायला लावल्या. जुनी सवय, कागद नीट हवा. प्रत्येक फाइलबरोबर रचनेचं नाव, कोणत्या साली रचली, शब्द कोणाचे, गाणारे-वाजवणारे कोण, कुठे आणि केव्हा मुद्रित केलं, हे द्यायचं. कायदाही समजून घेतला. आपल्या देशात रचनेवरचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्याच्यानंतर ६० वर्षं राहतो. शब्दांवरचा हक्क कवीचा, तोही तसाच. ध्वनिमुद्रणावरचा हक्क वेगळा, प्रकाशनानंतर ६० वर्षं. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचाही स्वतंत्र हक्क आहे, ५० वर्षांचा. म्हणजे तुकोबांचा अभंग घेतला तर शब्दांसाठी कोणाला विचारायला नको, पण हयात कवीची कविता घेतली तर विचारायलाच हवं. ऐकायला मोफत देणं म्हणजे हक्क सोडून देणं नव्हे. पण हे लिहून ठेवावं, नाहीतर मागाहून वारस आपसात भांडतात. लॉकरच्या बाबतीत असली भांडणं मी पुष्कळ पाहिली आहेत.

रचनाकारांना माझी एक विनंती. वीस मिनिटांची फाइल पाठवून 'ऐका' एवढंच लिहू नका. दोन ओळी द्या. 'तिसऱ्या मिनिटाकडे लक्ष ठेवा' एवढं मेस्ताने त्या दिवशी लिहिलं असतं, तर कदाचित मीही उघडली असती. कदाचित म्हणतो. माझा आळस त्याच्या डोक्यावर टाकत नाही.

आणि आपण ऐकणाऱ्यांनी काय करावं? एकदा नीट ऐकावं, दुसरं काम न करता. मग एक खरं वाक्य लिहावं. 'मला पहिला भाग समजला नाही, शेवट आवडला,' हे वाक्य दहा हारतुऱ्यांपेक्षा मोलाचं. मी मेस्ताला पहिल्यांदा असं लिहिलं तेव्हा त्याचा लगेच फोन आला. पाऊण तास बोलत होता. नोकरीतल्या इतक्या वर्षांत एवढा बोलला नव्हता.

आपल्या मंडळांनाही सांगणं आहे. मडगाव, बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, कुठेही असा. गणेशोत्सवात गाजलेल्या गाण्यांच्या कार्यक्रमाला आपण हजारो रुपये मोजतो, मोजा. पण त्यात अर्धा तास आपल्याच गावातल्या माणसाने रचलेल्या नव्या संगीताला द्या. भजन असो, भावगीत असो, चार आवाजांचं वृंदगान असो. तो आपल्या धर्माचा, भाषेचा असलाच पाहिजे असं नाही. आमच्या घरची चाल सांभाळणारा माणूस दर रविवारी चर्चमध्ये ऑर्गनपाशी उभा असतो.

या चवथीला मेस्त आणि त्याची चार वाजवणारी मंडळी आमच्याकडे येणार आहेत. आरती झाल्यावर तो तुकडा वाजवायचा ठरलंय. नातवाला घुमट धरायला शिकवतोय, ठेका अजून पक्का नाही. मी मेस्ताला म्हटलं, चुकला तर? तो म्हणाला, 'तुझे काकाही दुसऱ्या फेरीला चुकायचे. मी तसंच लिहून ठेवलंय.'

तुमच्या आसपास असं कोणी रचणारं असेल, आणि त्याने पाठवलेलं काही तुमच्या फोनमध्ये न उघडता पडलं असेल, तर आज रात्री जेवणं झाल्यावर उघडा. नंतर मला काय वाटलं ते खाली लिहा. नुसता अंगठा मात्र नको.