एका 'च'ची किंमत

या मासिकाच्या मराठी विभागात लिहायची माझी ही पहिलीच वेळ. शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे मराठी घरात बोलण्यापुरती. शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात! पण जे सांगायचंय ते एका मराठी अक्षरापाशी येऊन थांबतं, म्हणून मराठीत लिहिण्याचा हा खटाटोप. ते अक्षर म्हणजे 'च'.

गेल्या सेमिस्टरला इंटर्नशिपची यादी लागली. माझं नाव नव्हतं. दोन दिवस मी मेसला गेले नाही, घरचा फोन उचलला नाही. डोक्यात एकच गणित चालू. एज्युकेशन लोनवर बाबांची सही आहे. इंटर्नशिप नाही म्हणजे प्लेसमेंट नाही, प्लेसमेंट नाही म्हणजे हप्ता नाही, आणि हप्ता नाही म्हणजे मी कुचकामी. तिसऱ्या दिवशी रूम पार्टनरने मेसमधून आणलेला डबा आणि एक पुस्तक पुढ्यात ठेवलं. अंजली जोशी यांचं 'मी अल्बर्ट एलिस'. "आधी जेव, मग वाच," एवढंच म्हणाली. माझा मराठी वाचायचा स्पीड बेताचा, तरी पुस्तक संपवलं.

अल्बर्ट एलिस (1913-2007) हा अमेरिकेतला नावाजलेला मानसोपचारतज्ज्ञ. पण त्याची पहिली डिग्री मानसशास्त्राची नव्हती. 1934 साली, ऐन मंदीत, तो न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधून बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन शिकून बाहेर पडला. आईवडिलांचा घटस्फोट झालेला, पैशांची ओढाताण. भावाबरोबर छोटा धंदा करून पाहिला. कथा-कादंबऱ्या लिहिल्या, त्या छापायला कोणी तयार होईना. मग लैंगिकता आणि विवाह या विषयांवर वाचू-लिहू लागला. ओळखीचे लोक सल्ला विचारायला यायला लागले, आणि हे आपल्याला जमतंय, आवडतंय असं त्याच्या लक्षात आलं. कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली 1947 मध्ये, तिशी उलटल्यावर. आणि आपण विसाव्या वर्षी कट्ट्यावर बसून 'करिअर संपलं' म्हणतो!

त्याचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. वय 19, मुलींशी बोलायची प्रचंड भीती. त्याने स्वतःलाच असाइनमेंट दिली. ब्राँक्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जायचं आणि बाकावर एकटी बसलेली दिसेल तिच्याशी बोलायचं. महिनाभरात शंभरएक जणींशी बोलला. एकीने भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. (आज असं कोणी करू नये, तक्रार होईल आणि ती बरोबरच असेल!) पण त्याला कळायचं ते कळलं. शंभर नकार पचवूनही माणूस जिवंत राहतो.

पुढे तो फ्रॉइडच्या पद्धतीने मनोविश्लेषण करायला शिकला. वर्षानुवर्षं बालपण उकरूनही पेशंटला म्हणावा तसा फरक पडत नाही, असं त्याचं मत झालं. मग 1955 च्या सुमारास त्याने स्वतःची पद्धत मांडली. मराठीत तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर घटना हा इनपुट, आपली भावना हा आउटपुट, आणि मध्ये एक सिस्टिम आहे, ती म्हणजे आपली समजूत. आपण सगळा दोष इनपुटला देतो. एलिस म्हणतो, आधी सिस्टिम उघडून बघा. तिथे बहुतेक वेळा एक 'मस्ट' सापडतो. शाळेत 'मस्ट' आणि 'शुड' यांवर मी गाळलेल्या जागा भरल्या होत्या, पण त्याचा अर्थ कळला मराठीत. 'मला नोकरी पाहिजे' ही इच्छा झाली. 'मला नोकरी पाहिजेच' हा हुकूम झाला. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा अर्ज भरतो. हुकूम मोडला की माणूस दोन दिवस मेसला जात नाही.

पैशाच्या बाबतीत एलिस कसा वागला, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पैसा वाईट, असं तो म्हणत नव्हता. प्रॅक्टिस जोरात होती, पुस्तकं खपत होती. पण 1959 मध्ये काढलेली संस्था त्याने ना-नफा ठेवली, पुस्तकांच्या मानधनाचे पैसे तिच्यात घातले आणि स्वतः साधेपणाने राहिला. दर शुक्रवारी संध्याकाळी तो सर्वांसमोर लोकांच्या अडचणी सोडवून दाखवायचा. त्याचं तिकीट कित्येक वर्षं फक्त 5 डॉलर होतं. 2005 मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, त्याच संस्थेच्या संचालक मंडळाने त्याला बाहेर काढलं. तो कोर्टात गेला. जानेवारी 2006 मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. मधल्या काळात त्याने शेजारी जागा भाड्याने घेऊन शुक्रवारचा कार्यक्रम चालूच ठेवला. विवेकी माणूस म्हणजे गप्प बसून सोसणारा माणूस नव्हे, हे मी त्यातून शिकले.

आता कोणी म्हणेल, विचार बदलून लोन फिटतं का? नाही फिटत. ज्याच्या घरी यंदा सोयाबीन गेलं, त्याला 'च काढून टाक' एवढंच सांगणं हा निर्लज्जपणा होईल. फी, व्याज, शिष्यवृत्ती उशिरा येणं हे सगळे खरे इनपुट आहेत. त्यासाठी अर्ज आहेत, भांडणं आहेत, ती करायला हवीत. माझं म्हणणं इतकंच की भांडायला अंगात त्राण लागतं, आणि 'पॅकेज नाही म्हणजे मी शून्य' हे वाक्य ते त्राण आधी शोषून घेतं. पॅकेजचा आकडा कंपनी ठरवते. माझी किंमत ठरवायला तिला कोणी सांगितलंय?

आणि हो, मनाचा डॉक्टर श्रीमंतांसाठीच असतो हा समजही सोडा. 2022 मध्ये सरकारने 'टेलि-मानस' सुरू केलं. 14416 हा नंबर, चोवीस तास, मोफत, मराठीतसुद्धा. आपल्याकडे किशोर फडके यांनी एलिसची पद्धत रुजवली. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांची संस्था 1990 पासून काम करते आहे. वॉर्डन सर-मॅडमना एक विनंती. नोटीस बोर्डावर मेसच्या थकबाकीची यादी लागते, तिच्या शेजारी हा नंबरही लावाल का?

तिसऱ्या रात्री मी घरी फोन केला. बाबांनी एवढंच विचारलं, "मग आता काय करणार?" मी म्हटलं, "दुसरीकडे अर्ज करते." त्या कंपनीनेही घेतलं नाही! पण त्या दिवशी मी मेसला गेले होते.

पुढच्या वर्षी प्लेसमेंट आहे. मला चांगलं पॅकेज हवंय. खूप हवंय. फक्त 'च' नको.