वाघिणीच्या दुधाची भुकटी

इंग्रजी म्हणजे वाघिणीचे दूध, ही विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर चालत आलेली उपमा आपल्यात इतकी मुरली आहे की, तिच्या जोरावर कोणी काहीही विकावे आणि आपण ते निमूटपणे घ्यावे. सध्या आमच्या शिरूर-दौंडकडे या दुधाची भुकटी विकली जात आहे. जाडजूड पुस्तके, डावीकडे अवघड इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, रोज वीस शब्द, रात्री उजळणी. अभ्यासिकांतून शेतकऱ्यांची पदवीधर मुले हे पाढे म्हणत बसलेली मी पाहतो. माझे भांडण इंग्रजीशी नाही, या पाढ्यांशी आहे.

एक पान उघडू. 'एफेमरल – क्षणभंगुर'. क्षणभंगुर म्हणजे काय, असे मी एका मुलाला विचारले. तो म्हणाला, "सर, एवढं पाठ केलं की मार्क मिळतात." एका अनोळखी शब्दाला दुसरा अनोळखी शब्द जामीन राहिला! पुढची ओळ, 'फ्रूगल – कंजूष'. हे तर चक्क चूक. फ्रूगल म्हणजे काटकसरी. दुष्काळात हात आखडून घर तगविणारी आजी आणि कणगी भरलेली असून पसा न देणारा शेजारी, यांतला भेद या मुलाला मिसरूड फुटण्याआधीच कळलेला असतो. यादीने तो पुसून टाकला.

कोणी म्हणेल, एवढ्याने काय बिघडले? दौंड तालुक्यात कुरकुंभला रसायनांचे कारखाने आहेत. पुणे-सोलापूर रस्त्याने टँकर धावतात. कित्येकांवर 'हायली इन्फ्लेमेबल' असे रंगविलेले असते. आता 'इन' म्हणजे नकार, हा नियम आमच्या विद्यार्थ्याने घोकलेला. त्या हिशेबाने अर्थ निघतो, मुळीच न पेटणारे! खरा अर्थ नेमका उलटा. इथला 'इन' लॅटिनमधला, 'आत' या अर्थाचा. हा घोटाळा इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांनाही जाचला. म्हणून १९२०च्या दशकात अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने 'फ्लेमेबल' हाच शब्द वापरावा, असा आग्रह धरला. 'ज्वालाग्राही' या मराठी शब्दात मात्र ज्वाळाही दिसते आणि ती धरणारेही.

यावर ठरलेले उत्तर येते : "परीक्षेत विचारतात, त्याला पोरांनी काय करावे?" खरे आहे. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेत समानार्थी, विरुद्धार्थी, अनेक शब्दांबद्दल एक शब्द, असे सुटे शब्द विचारले जातात. पण अशा प्रश्नाने मोजले काय जाते? ज्याच्या घरी लहानपणापासून इंग्रजी वर्तमानपत्र येते, त्याला हे शब्द चहाबरोबर फुकट मिळतात. न्हावऱ्याच्या किंवा पाटसच्या मुलाला ते विकत घेऊन, रात्र जागून गिळावे लागतात. परीक्षा घराची होते आणि नापास मुलगा होतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी पदवीनंतर ही गत असेल, तर दोष मुलाच्या डोक्याचा खास नव्हे.

परभाषा शिकावी कशी, हे ज्या साहेबाकडून घ्यावयाचे त्यानेच दाखविले आहे. मोल्सवर्थ हा लष्करी अधिकारी. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, दुसरी आवृत्ती १८५७ साली. त्यात शब्दापुढे एकच अर्थ टाकून तो मोकळा झाला नाही. शब्द कोठे, कसा, कोणत्या म्हणीत चालतो हेही नोंदविले. लोकांनी त्याला 'मोलेसरशास्त्री' म्हटले ते उगाच नव्हे. आणि वाघिणीचे दूध स्वतः पचविलेल्या चिपळूणकरांनी १८७४ साली काढली ती 'निबंधमाला', मराठीत.

तेव्हा माझे मागणे दोन. परीक्षकांनी सुटा शब्द विचारणे बंद करावे. उतारा द्यावा आणि त्यात त्या शब्दाने काय काम केले ते विचारावे. आणि गावच्या अभ्यासिकेत यादीच्या दहा पुस्तकांऐवजी रोज एक इंग्रजी वर्तमानपत्र आणि एक चांगला मराठी कोश ठेवावा. वर्गणी यादीच्या पुस्तकांहून जड जाणार नाही. ग्रामपंचायतींनी या दिवाळीनंतरच आरंभ करावा. भुकटी विकणारे ओरडतील, त्यांना ओरडू द्यावे.